केळ्याला अंडे म्हणू नका

फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकांसमोर अंड्याचा विषय काढणे हा औचित्यभंग खरा. पण चकलीच्या भाजणीत तांदळाबरोबर हरभरा नि उडीद घालणाऱ्या आमच्या आजीबाईंना जे कळत होते, ते शासनाच्या विद्वानांना कळू नये, म्हणून या मॅट्रिक मास्तराला लेखणी उचलावी लागत आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरविले. न खाणाऱ्याला केळे. लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, धर्म बुडाला. दुसरा म्हणे, वरण म्हणजे नुसते पिवळे पाणी! जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी बंद झाला. हवे तर लोकवर्गणी काढा, असा सल्ला मिळाला. सोलापुरात विड्या वळणाऱ्या आईपुढे मास्तराने कोणत्या तोंडाने वर्गणीची वही धरावी?

शाकाहाराचे वकील सांगतात, १०० ग्रॅम तूरडाळीत प्रथिने २२ ग्रॅम, तेवढ्याच अंड्यांत १३. म्हणून डाळ श्रेष्ठ. चौथीतले पोरही ही चूक पकडील! डाळ कोरडी तोलली, अंडे पाण्यासकट. प्राथमिक शाळेत मुलाच्या वाट्याला रोज डाळ येते २० ग्रॅम, म्हणजे प्रथिने सुमारे साडेचार ग्रॅम. एका अंड्यात ती ६ ग्रॅम. शिवाय डाळीत मुळीच नसणारे ब-१२ जीवनसत्त्व.

पण मांसाहाराच्या अभिमान्यांनीही मिशीला पीळ देऊ नये. ज्वारीत लायसिन थोडे, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन थोडे, ती उणीव ज्वारी भरून काढते. मंगळवेढ्याची भाकरी नि वरण एका ताटात आले, की दोघांची अब्रू राहते. आमची लाडकी शेंगाचटणी मात्र येथे पुरी पडत नाही. शेंगदाण्यात प्रथिने २५ टक्के, पण लायसिन त्यातही उणेच. नुसत्या भाकरी-चटणीवर पोर वाढत नाही, वरण हवेच.

माझे खरे भांडण केळ्याशी आहे. त्यात प्रथिने जेमतेम १ ग्रॅम. अंड्याच्या बदली ते देणे म्हणजे रुपया घेऊन दोन आणे हातावर ठेवणे! न खाणाऱ्याला ३० ग्रॅम फुटाणे द्या. ६ ग्रॅम प्रथिने भरतात आणि कोणाचा धर्मही बाटत नाही. खाणाऱ्याला अंडे द्या, आणि ते शासनाच्या पैशाने. शेजाऱ्याच्या पोराने काय खाऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार तुम्हांआम्हांला कोणी दिला?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ५ वर्षांखालील १०० पैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. तीच मुले पुढे आमच्या प्रार्थनेच्या रांगेत उभी राहतात. वाचकहो, वाद दिवाळीनंतरही घालता येईल. पोराचे वाढीचे वय मात्र थांबत नाही.