सिस्टीम बदलण्याआधी हुकलेले फोटो उघडा

टिपेश्वरहून सफारी करून आलेल्या कुठल्याही ग्रुपमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. वाघ दिसला का? आणि कॅमेरा कोणता होता? दुसऱ्याचं उत्तर 'डीएसएलआर' आलं की कोणीतरी म्हणतोच, "भाऊ, मिररलेस घे आता. डीएसएलआरचा जमाना गेला."

तो खोटं बोलत नाही. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड हे नवे माउंट आणले आणि दोघांचंही लक्ष मिररलेसकडे वळलं. सोनी तिथे आधीच होती. २०१७ चा त्यांचा ए९ सेकंदाला २० फोटो काढायचा. आजचे बरेच मिररलेस कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतःच ओळखतात आणि फोकस त्यावर धरून ठेवतात. उडणारा नीलकंठ टिपायचा तर हा फायदा खराच मोठा आहे.

पण सिस्टीम बदलायची म्हणजे नुसती बॉडी बदलून भागत नाही. माउंट बदलला की लेन्सचा प्रश्न येतो. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून आरएफवर चांगल्या चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर मात्र बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस बंद पडतो. सेकंडहँड घेतलेली लेन्स नेमकी तीच निघाली तर? शिवाय स्वस्त मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं, तर वेगाने हलणारे पंख फोटोत वाकडे येऊ शकतात. ते टाळणारे वेगवान सेन्सर महागड्या बॉडीत असतात.

आणि उजेडाचं काय? वाघ दिसण्याची जास्त शक्यता असते ती पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे उजेड कमी असताना. एफ/५.६ ची लेन्स एफ/४ च्या निम्माच प्रकाश आत घेते. शटर स्पीड कमी पडला, तर सेकंदाला २० फोटो म्हणजे २० हललेले फोटो. ही अडचण लेन्सची आहे, बॉडी बदलून ती सुटत नाही.

हे सगळं सांगायचं कारण पैसा. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत पैसा येतो तो कापूस विकल्यावर. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. कॉलेजात असताना दीड-दोन लाखांचा हप्ता डोक्यावर घ्यायचा, तर तो 'सगळे घेतायत' म्हणून नको.

आणखी एक गोष्ट आठवा. २०१८ मध्ये राळेगाव परिसरात टी-१ वाघिणीचा शोध चालू होता, तेव्हा जंगलात कॅमेरा ट्रॅप लावले होते. झाडाला बांधलेला तो साधा डबा, समोरून ऊब असलेलं काही हललं की फोटो काढतो. अशाच फोटोंतल्या पट्ट्यांवरून कुठला वाघ कुठला, ते ओळखतात. तो फोटो सुंदर नसतो, पण कामाचा असतो, कारण कॅमेरा योग्य वाटेवर लावलेला असतो. ती वाट शोधायला पाऊलखुणा वाचाव्या लागतात, गाइडचं ऐकावं लागतं, पाणवठ्यापाशी गप्प बसावं लागतं. कुठल्याही माउंटसोबत हे मिळत नाही.

म्हणून म्हणणं एवढंच: पुढच्या दोन सफारींना जुनाच कॅमेरा न्या. घरी आल्यावर हुकलेले फोटो डिलीट करू नका. प्रत्येक का हुकला ते वहीत लिहा. फोकस चुकला, उजेड कमी पडला, की आपणच उशिरा कॅमेरा उचलला? फोकसवाले जास्त निघाले तर एक दिवस मिररलेस भाड्याने घेऊन बघा, आणि फरक दिसला तर बिनधास्त बदला. उजेडवाले जास्त असतील तर आधी लेन्सचा विचार करा. आणि उशीर आपलाच असेल, तर पैसे सफारीच्या बुकिंगसाठी ठेवा. सराव तिथेच होणार आहे.