क्योतोत संस्कृती, चौफुल्याला 'तसलं काही'

ऑकलंडच्या मराठी घरांत हल्ली जपानच्या सहलीचे फोटो खूप बघायला मिळतात. त्यात क्योतोचं गिऑन असतंच. लाकडी घरं, कंदील, घाईने गल्लीत शिरणारी एखादी मायको. "काय संस्कृती जपलीय या लोकांनी!" असं म्हणत फोन हातोहात फिरतो. त्याच घरात कारांगाहापे रोडचा विषय निघाला, की "रात्रीचं तिकडे कशाला?" आणि चौफुल्याच्या संगीत बारीचा निघाला, तर मुलांना आतल्या खोलीत पाठवतात.

मला या दुटप्पीपणाचा राग येतो.

गिऑन म्हणजे यासाका देवळाच्या यात्रेकरूंना चहा-मद्य देणाऱ्या घरांतून वाढलेली वस्ती. पैसेवाल्या पुरुषांच्या बैठकीत गाणं, नाच आणि गप्पा रंगवणं हा तिथल्या बायकांचा धंदा. गेइको देहविक्रय करते हा गैरसमज आहे. पण कोवळ्या मुली कर्जापायी बांधल्या गेल्या, हाही तिथल्या जुन्या इतिहासाचाच भाग. राजधानी टोकियोला गेल्यावर क्योतोने १८७२ मध्ये 'मियाको ओदोरी' हा जाहीर नृत्यसोहळा सुरू केला. पडत्या काळात शहराने नर्तकींना लपवलं नाही, पुढे आणलं.

आपण काय केलं? २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्स बार बंद केले. कारण दिलं अश्लीलतेचं आणि शोषणाचं, पण तीन आणि त्याहून जास्त तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. नाच तोच, पण गिऱ्हाइकाचं पाकीट जाड असलं की अश्लीलता संपते! २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा भेदभाव मान्य केला नाही. तोवर हजारो बायकांची रोजी गेली होती. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर.

कुणी म्हणेल, शोषण असतं तिथे, त्याचं कौतुक कशाला? शोषण असतंच. पण त्यावर उपाय नाक मुरडणं नव्हे, कायद्याचं संरक्षण आहे. हे शिकायला क्योतोला जायला नको, आपण राहतो तो देश पुरे. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने देहविक्रय गुन्ह्यातून बाहेर काढला, ६० विरुद्ध ५९ मतांनी. त्या चर्चेत जॉर्जिना बेयर स्वतःचे त्या धंद्यातले दिवस सांगत उभ्या राहिल्या. वेलिंग्टनमध्ये रात्रीचे अड्डे चालवणारी, १९७७ मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवणारी ट्रान्स माओरी कार्मेन रूपे आज क्युबा स्ट्रीटच्या सिग्नलवर हिरव्या आकृतीच्या रूपात लोकांना रस्ता ओलांडायला सांगते. आपण तो रस्ता ओलांडतो, तिचं नाव मात्र मुलांना सांगत नाही.

आणि गिऑनबद्दलचा आपला आदर तरी खरा आहे का? पर्यटक फोटोसाठी मायकोंच्या मागे धावतात, वाट अडवतात, किमोनो ओढतात. म्हणून २०२४ मध्ये तिथल्या काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या आणि दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या. त्या गर्दीत आपलेही फोन होते. लांबच्या बाईला आपण संस्कृती म्हणतो, जवळच्या बाईला बदनाम करतो. माणूस दोघींनाही मानत नाही.

गेल्या वर्षी आमच्या मंडळात मुलींनी सिनेमातल्या लावणीवर सुंदर नाच केला. शिट्ट्या झाल्या, वन्स मोअर झाला. पुढच्या बैठकीत मी म्हटलं, "या वेळी खरी बारी बोलावू. विमानाचं भाडं, बिदागी, सगळं रीतसर." उत्तर आलं, "अहो, फॅमिली क्राउड आहे."

नऊवारी चालते, घुंगरू चालतात, शिट्ट्याही चालतात. ज्यांनी ही कला पिढ्यान्पिढ्या पोटाला चिमटा घेऊन सांभाळली, त्या बायका तेवढ्या चालत नाहीत. बारीतली बाईसुद्धा कुणाची तरी आई असते, कुणाची तरी लेक असते. फॅमिली म्हणजे आणखी काय असतं?

यंदाच्या बैठकीतही मी हाच ठराव मांडणार आहे. विरोध करायचा असेल, तर समोर येऊन कारण सांगा. आणि त्याआधी फोनमधले गिऑनचे फोटो एकदा उघडून बघा.