उंदीर ओळखा, मगच औषध आणा

कृषी सेवा केंद्रात येणारा शेतकरी 'उंदराचं औषध द्या' एवढंच म्हणतो. कुठला उंदीर, हे ना तो सांगतो, ना दुकानदार विचारतो. घर आणि शेत दोन्ही सांभाळणारी बाई म्हणून मला ही पद्धत घातक वाटते.

घरात माळ्यावर, कौलांखाली पळतो तो काळा उंदीर. शेपूट अंगापेक्षा लांब, कान मोठे. डब्यांमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या, तर तो लहान घरउंदीर. पेन्सिल जाईल एवढी फट त्याला पुरते, म्हणून तिथे विषाआधी फटी बुजवायला हव्यात. लांब नाकाची, बारीक डोळ्यांची, चीं-चीं करत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. तिचं मुख्य खाणं झुरळं आणि किडे. धान्य कुरतडलं उंदरानं आणि मारली चिचुंद्री, असं घरोघरी होतं.

उसात आणि गव्हात खरी नासाडी घूस करते. तिच्या बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि आत ओढून नेलेल्या ओंब्यांचा साठा. कोरडवाहू रानात शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका असलेला उंदीर दिसला, तर तो वेगळा.

बिळांत राबता आहे का, हेही पाहावं. मी संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं मातीनं बंद करते. सकाळी जी उकरलेली दिसतात, तेवढ्यांतच आमिष ठेवते. झिंक फॉस्फाइड वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस तेल लावलेलं साधं धान्य खाऊ घालावं लागतं. नाहीतर उंदीर चाखून आजारी पडतो, वाचतो आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोन सावकाश मारतं, म्हणून उंदीर बिचकत नाही. पण विष खाल्लेला उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला तर त्यांच्याही जिवावर बेततं. घुबड, धामण हे आपले बिनपगारी राखणदार. उंदीर मारता मारता तेच संपले, तर पुढच्या हंगामात रान कोण राखणार?

एकट्यानं औषध टाकूनही भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरची घूस रिकाम्या बिळात येतेच. म्हणून पेरणीआधी शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात बिळं तपासावीत, मेलेले उंदीर आणि उरलेलं आमिष खोल पुरावं. आणि दुकानदारांनो, पुडी देण्याआधी 'बीळ कसं आहे?' एवढं विचारा.