जोखीम कुणाची, फायदा कुणाचा?

अमरावती-अकोल्याकडे बचत गटांच्या बायकांसाठी जी उद्योजकता शिबिरं होतात, त्यांत हल्ली दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘गर्दीत वेगळ्या दिसा’ आणि ‘जोखीम घ्यायला शिका’. विषय असतो ऑनलाइन विक्रीचा. मुगवड्यांचा फोटो कोणत्या उजेडात काढायचा, आपली कहाणी कॅमेऱ्यासमोर कशी सांगायची, गिऱ्हाइकाशी गोड कसं बोलायचं, हे सगळं शिकवून झालं की शहरातून आलेले पाहुणे शेवटचा उपदेश करतात : बायका मागे राहतात, कारण त्या जोखीम घ्यायला घाबरतात.

या वाक्याशी माझं भांडण आहे.

बायका घाबरतात म्हणजे नक्की कोण घाबरतं? कोरडवाहू कपाशी आणि सोयाबीनच्या या मुलखात दर जून महिन्यात बियाण्याच्या रूपानं पैसा मातीत टाकला जातो आणि मग आभाळाकडे बघत बसावं लागतं. दुबार पेरणी करावी लागली की पहिलं मंगळसूत्र मोडलं जातं. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर सावकाराला, बँकेला, दिराला आणि लेकरांच्या शाळेला एकटीनं तोंड देणाऱ्या बायका पश्चिम विदर्भाच्या गावागावांत आहेत. त्यांना जोखीम शिकवायला कोण निघालं आहे? अकोट तालुक्यातल्या एका बैठकीत एका मावशींनी याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं दिलं होतं : ‘‘जोखीम त मी जल्मापासून घेऊन राहिली, बाई. धंदा बसला त कर्ज कोन भरन, थे सांगा.’’

प्रश्न हाच आहे. बायकांना जोखीम घेता येते की नाही, हा प्रश्नच नाही. ती कुणाच्या अंगावर पडते, आणि धंदा चालला तर पैसा कुणाच्या हातात जातो, हा प्रश्न आहे. शिबिरात नेमकं त्यावर बोललं जात नाही.

एका पार्सलचा हिशेब

समजा, एका ताईनं तीनशे रुपयांना मसाल्याचं पाकीट विकलं. माल आणि डबा यांचे एकशे नव्वद. पोचवण्याचा खर्च आणि विक्री करून देणाऱ्या कंपनीचं कमिशन मिळून सत्तर. उरले चाळीस. यात तिनं मिरच्या निवडल्या, भाजल्या, कांडल्या त्याची मजुरी धरलेली नाही. घरच्या बाईची मजुरी धरायची नसते, हा नियम आपण घरातून थेट बाजारात घेऊन आलो आहोत.

आता यातलं एक पाकीट परत आलं. डबा फुटला असेल, पत्ता चुकला असेल, किंवा घेणाऱ्याचं मन बदललं असेल. उघडलेला खाण्याचा माल पुन्हा विकता येत नाही, म्हणजे एकशे नव्वद गेले. जाण्यायेण्याचा खर्च तिच्या माथी पडला, तो ऐंशी धरू. एकूण तोटा दोनशे सत्तर. हा भरून काढायला तिला आणखी सात पाकिटं विकावी लागतील. कंपनीचं काय गेलं? काही नाही. कुरिअरवाल्याला दोन्ही खेपांचे पैसे मिळाले. गिऱ्हाइकाला त्याचे पैसे मिळाले. ‘जोखीम घ्या’ म्हणणारे पाहुणे मानधन घेऊन गावी गेले. साखळीत सगळ्यांत कमी पैसा जिच्याजवळ, तिच्यावर सगळ्यांत जास्त जोखीम. याला उद्योजकता म्हणायचं असेल तर शेतमजुरीला काय म्हणायचं?

कायद्यानंही हेच केलं. चाळीस लाखांपर्यंत माल विकणाऱ्या दुकानदाराला जीएसटीची नोंदणी लागत नव्हती. पण मसाला-लोणची ऑनलाइन कंपनीमार्फत विकणाऱ्या बाईला, तिची उलाढाल वर्षाला वीस हजार असली तरी, नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून ही अट सैल झाली, तीही फक्त राज्याच्या आतल्या विक्रीसाठी. म्हणजे धारणीच्या बाईनं लोणच्याची बरणी मुंबईला पाठवली तर चालतं, शेजारच्या बुरहानपूरला पाठवायची तर नोंदणी, विवरणपत्रं आणि ती भरून देणाऱ्याची फी. इंटरनेटला सीमा नसतात हे शिबिरात सांगतात. कागदाला असतात, हे सांगत नाहीत.

‘वेगळं दिसा’, पण कुणाला?

आता दुसरं वाक्य. चारचौघींत उठून दिसू नको, मोठ्यानं हसू नको, दारात उभी राहू नको, असं ऐकत जी लहानाची मोठी झाली, तिला पस्तिसाव्या वर्षी सांगितलं जातं : चारचौघींत उठून दिस, म्हणजे माल खपेल. हे सांगणाऱ्यांना कधी वाटतं का, की तिचं उठून न दिसणं हा भित्रेपणा नव्हता, तो तिचा बचाव होता?

पाकिटावर काय छापावं लागतं ते पाहा. पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क क्रमांक छापणं बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण घरून काम करणाऱ्या बाईचा कारखाना म्हणजे तिचं घर, आणि तक्रार विभाग म्हणजे तिचा मोबाइल. विकल्या गेलेल्या प्रत्येक पाकिटाबरोबर तिच्या घराचा पत्ता आणि फोन नंबर अनोळखी हातांत जातो. मग रात्री अकराला फोन येतात. लोणच्याची चौकशी करता करता ‘घरी कोण कोण असतं’ हेही विचारलं जातं. फोटोखाली घाणेरडं लिहिलं जातं. फोनवरून वा इंटरनेटवरून बाईचा असा पाठलाग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे गुन्हा आहे. पण तक्रार करायला ठाण्यात जायचं तर आधी घरात सांगावं लागतं, आणि घरात सांगितलं की पहिला निकाल तिच्याच विरुद्ध लागतो : बंद कर तो फोन. धंदा तिथंच संपतो.

सगळ्यांना सारखंच वेगळं दिसता येतं असंही नाही. पाकिटावर नाव छापताना आडनावही छापलं जातं. आडनाव वाचून जात ओळखणारा समाज इंटरनेटवर येताना जात घरी ठेवून आलेला नाही. 2017 साली पुण्यात एका उच्चशिक्षित गिऱ्हाइकानं, स्वयंपाक करणाऱ्या बाईनं जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार केली होती. शहाण्यासुरत्या पुण्यात हे होतं, तर बौद्ध वस्तीतल्या गटानं केलेला मसाला आडनावासकट बाजारात ठेवताना त्या बायका दोनदा विचार करतात, यात नवल काय? आडनाव लपवा असा सल्ला काहीजण देतात. तो आपल्याला मान्य होता कामा नये. पण ते झळकवा असा उपदेश करणाऱ्यांनी निदान एवढं मान्य करावं, की उठून दिसण्याची किंमत प्रत्येकीला वेगळी पडते.

फोन कुणाचा, खातं कुणाचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 33 टक्के बायकांनी आणि 57 टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलं होतं. स्वतः वापरता येईल असा मोबाइल 54 टक्के बायकांजवळ होता. त्यानंतर फोन वाढले असतील. पण ‘घरात फोन आहे’ आणि ‘बाईचा फोन आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्डर मुलाच्या फोनवर येते. तो कॉलेजात असला की दिवसभर उत्तर जात नाही, आणि गिऱ्हाईक कमी तारे देऊन मोकळं होतं. पैसे यूपीआयनं येतात ते नवऱ्याच्या खात्यात, कारण बँकेत नंबर त्याचा जोडलेला. धंद्याच्या नावापुढे ‘संचालिका’ म्हणून तिचा फोटो, आणि पैसे काढायला मात्र विचारावं लागतं.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 14 सांगतं, की स्त्रीनं स्वतःच्या कसबानं वा कष्टानं मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची असते. हा कायदा होऊन जवळपास सत्तर वर्षं झाली. तेवढ्या काळात आपण तिच्या कमाईसाठी तिच्या नावाचं सिमकार्ड मिळवू शकलो नाही!

नफा त्याच्या खात्यात जातो, आणि कर्ज मात्र तिच्या नावावर असतं. मायक्रोफायनान्स कंपन्यांनी विदर्भात गल्लोगल्ली कर्जं वाटली ती बायकांनाच, कारण बायका लाजेकाजेनं हप्ता भरतात. कागदावर कारण ‘व्यवसाय’. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर हातातली रोकड आटली, तेव्हा याच वसुलीविरुद्ध विदर्भातल्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हा त्यांना कोणी धाडसी उद्योजिका म्हटलं नाही. कर्जबुडव्या म्हटलं.

मग काय, धंदा करायचा नाही?

असं कोणी म्हणेल हे मला माहीत आहे. पांढरपेशा समाजसेविका बायकांना घरात बसवायला निघाल्या, असाही आरोप होईल. तसं नाही. ज्या बाईला आठवडी बाजारात बसायला सासर परवानगी देत नाही, जिला विधवा म्हणून चौकात नजरा झेलाव्या लागतात, जिचा माल गावातला व्यापारी पडेल भावानं घेतो, तिला लांबच्या गिऱ्हाइकाला थेट विकता येणं ही मोठी गोष्ट आहे. ते दार आपल्याला हवंच आहे. त्या दारातून प्रत्येकीनं एकटीनं, कर्ज डोक्यावर घेऊन उडी मारावी, या शिकवणीला आपला विरोध आहे.

बायकांनी जोखीम कशी घेतली, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पुढं त्याचंच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झालं. पहिल्याच वर्षी पावसानं दगा दिला. पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. एकटीदुकटीचा धंदा असता तर तो तिथंच मेला असता. त्या सातजणींनी पुढच्या पावसाळ्यासाठी खाट आणि स्टोव्ह आणला, खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम चालू राहिलं. लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, नफा वाटून आणि तोटाही वाटून, हे तत्त्व त्यांनी धरलं. पाकिटावर कुठल्याही एका बाईचं नाव, घरचा पत्ता वा फोन नाही, तरी ते पाकीट देशभर ओळखलं जातं. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना ‘अन्नपूर्णा’त एकत्र केलं, ते सावकाराच्या तावडीतून सुटून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवण्यासाठी. एकेकीला बँकेनं दारात उभं केलं नसतं. या बायका वेगळ्या दिसल्या त्या एकत्र आल्यामुळे. त्यांनी जोखीम घेतली, कारण ती वाटून घेता आली.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गट आहेत, गटांचे संघ आहेत, माविमची लोकसंचालित साधन केंद्रं आहेत, उमेदचे प्रभागसंघ आहेत. म्हणजे पायाभरणी झालेली आहे. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या शिबिरात ‘जोखीम घ्या’ असं कोणी म्हटलं की आपण या मागण्या समोर ठेवू या.

पहिली, पाकिटावर उत्पादक म्हणून संघाचं नाव, केंद्राचा पत्ता आणि केंद्राचाच फोन असेल. तो आळीपाळीनं, दिवसाच्या ठरल्या वेळात उचलला जाईल. कुठल्याही बाईच्या घरचा नंबर बाजारात जाणार नाही.

दुसरी, प्रशिक्षणाला बसण्याआधी प्रत्येक बाईचं स्वतःच्या नावाचं सिम आणि त्याला जोडलेलं स्वतःचं खातं. हे होत नाही तोवर फोटो काढायला शिकवू नका.

तिसरी, तोट्याचा निधी. प्रत्येक पाकिटामागे गट दोन रुपये टाकेल. तेवढेच शासनानं टाकावेत. पिकाला विमा मिळतो, मग परत आलेल्या मालाला का नाही?

चौथी, वाटेत फुटलेल्या मालाचा भुर्दंड बाईवर नको. माल जो पोचवतो त्यानं तो सोसावा, आणि हे करारात मराठीत लिहिलेलं असावं.

पाचवी मागणी शासनाकडे नाही, घराकडे आहे. ऑनलाइन विक्रीनं बाईचा दिवस चोवीस तासांचा पंचवीस होत नाही. पाकिटं भरायला ती रात्री जागते, कारण सकाळचं पाणी, चूल, शेत आणि सासूबाईंची औषधं तिच्याकडेच आहेत. तिच्या कमाईचं कौतुक करणाऱ्या घरानं निदान एक वेळची भाकर तरी थापावी. आणि ज्या घराच्या, शेताच्या जोरावर बँक मोठं कर्ज देते, त्यावर तिचंही नाव चढवावं. चांदवडच्या अधिवेशनात 1986 साली शेतकरी बायकांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि पुढं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कितीतरी गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. आपल्याच भागात हे घडलेलं आहे, म्हणजे ते अशक्य नाही.

एवढं झालं की मग खुशाल म्हणा, जोखीम घ्या. वऱ्हाडातल्या बायका तुमच्या पुढं चार पावलं असतील. तोवर हा उपदेश ज्यांच्या खिशाला तोट्याची झळ पोचत नाही, त्यांनी तो आपल्याजवळच ठेवावा.