बारा मार्चची खातेवही

व्यापारानिमित्त वा सहलीनिमित्त परदेशी गेलेल्या माणसाला तेथील राष्ट्रीय सणाचा दिवस बहुधा गैरसोयीचा वाटतो. बँका बंद, पेढ्या बंद, रस्ते सोहळ्यासाठी अडवलेले. ठरलेली भेट पुढे ढकलावी लागते. परंतु 12 मार्च रोजी मॉरिशसमध्ये असणाऱ्या मराठी प्रवाशाने ही गैरसोय आनंदाने सोसावी. त्या उत्सवात आपल्याच घरच्या खातेवहीची जुनी पाने त्याला सापडतील.

मॉरिशस 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाला आणि 1992 मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक बनला. गांधीजींची दांडीयात्रा 12 मार्च 1930 रोजी सुरू झाली होती. तिच्या स्मरणार्थच ही तारीख निवडण्यात आली. राजधानी पोर्ट लुईमधील शाँ द मार्स मैदानावर 1968 साली युनियन जॅक उतरला आणि तांबडा, निळा, पिवळा व हिरवा अशा चार पट्ट्यांचा ध्वज चढला. या दिवसांत घरे, दुकाने, रस्ते याच चार रंगांनी सजतात. 2024 च्या सोहळ्यास भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू प्रमुख पाहुण्या होत्या.

ध्वज हाती घेतलेल्या गर्दीत क्रिओल बोलणारी मराठी वंशाची कुटुंबेही असतात. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. मात्र त्यांचे पूर्वज पर्यटक म्हणून गेले नव्हते. त्याच शहरातील आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून 1834 पासून लाखो भारतीय मजूर करारावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी उतरले. कराराचा कागद अनेकांना वाचताही येत नव्हता. रस्त्यावरील जल्लोष त्यांच्या पणतवंडांचा आहे. स्वातंत्र्याचा अर्थ तेथे कष्टकऱ्यांच्या स्मृतीशी जोडलेला आहे.

हा संदर्भ मनात ठेवून अंबरनाथ एमआयडीसीतील 15 ऑगस्ट पाहावा. सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी ध्वजवंदन होते, जिलबी वाटली जाते आणि थोड्याच वेळात सारा परिसर सुना होतो. येथील यंत्रांवर गाव सोडून, परप्रांतांतून आलेले कितीतरी हात राबतात आणि त्यांतील अनेक ठेकेदारामार्फत येतात. ध्वजाभोवतीच्या रांगेत ते असतात काय? त्या दिवसाची मजुरी त्यांच्या हाती पडते काय? हाती असलेला कागद त्यांना कोणी वाचून दाखवला आहे काय?

व्यापारी घराण्यांना हिशोबाची शुद्धता कोणी शिकवावी लागत नाही. मालकाने येत्या 15 ऑगस्टपूर्वी ठेकेदाराचे हजेरीपत्रक स्वतः मागवून तपासावे आणि ध्वजवंदनाला त्या कामगारांना नावाने बोलवावे. घरातील मुलांनाही त्या वेळी सोबत न्यावे. परदेशातील सोहळा पाहून आलेल्या प्रवाशाने तेथील छायाचित्रांबरोबर एवढी शिकवण आणली, तर त्याची यात्रा कारणी लागली असे म्हणता येईल.