रुळांपलीकडचं नागपूर

पाहुण्याला नागपूरचा वारसा दाखवायचा म्हटलं की गाडी झिरो माइलपासून निघते आणि सिव्हिल लाइन्सला वळसा घालून परत येते. तिथले चार घोडे, विधान भवन, अजब बंगला म्हणजे वस्तुसंग्रहालय, हायकोर्ट. वाटेत बर्डीचा किल्ला खालूनच बघायचा, कारण तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना वर जाता येतं. पाहुणा खूश होतो. मात्र त्याने पाहिलेलं जवळपास सगळं १८१७ च्या इंग्रज-भोसले लढाईनंतरचं, इंग्रजी अमलातलं असतं.

या इमारती देखण्या आहेत, यात वाद नाही. हेन्री मेड या वास्तुरचनाकाराने आखलेल्या हायकोर्टाची कोनशिला १९३७ च्या जानेवारीत बसली आणि १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते उद्घाटन झालं. या इमारतीचा घुमट आजही लांबून ओळखू येतो. ती टिकली, कारण तिथे रोज न्यायाधीश बसतात, वकील ये-जा करतात, गळती लागली तर दुरुस्तीला पैसा मिळतो. सरकारचा वावर असलेल्या इमारतीला वाली असतो. रेल्वे रुळांच्या पूर्वेला तो नाही, आणि नागपूर तर मुळात पूर्वेलाच वसलं.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास इथली बारा खेडी जोडून शहर उभं केलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानने, तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. त्यालाच आता गांधीसागर म्हणतात. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट आहे. दिवसभर त्याच्या कमानीखालून रहदारी वाहते आणि तो कोणाचा, हे सांगणारं कोणी भेटत नाही. पुढे सत्तेवर आलेल्या भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला. नगारखाना तेवढा वाचला. महाल भागातल्या गल्ल्यांमधून लाकडी खांबांचे जुने वाडे एकेक करून पडताहेत, जागेवर फ्लॅट उभे राहताहेत. वारस दहा ठिकाणी विखुरलेले आणि दुरुस्तीचा खर्च न पेलणारा. घरमालकाला दोष देऊन भागणार नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र एम्प्रेस मिलचं.

जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून गिरणीसाठी नागपूर निवडलं, ते हिशेब करून. कापूस आजूबाजूला पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, रेल्वे १८६७ मध्येच आली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढायला पैसा ओतावा लागला, तेव्हा इथल्या सावकारांनी नाकं मुरडली. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली; नाव तिथूनच आलं. बेझनजी मेहता हे रेल्वेतले गृहस्थ, पण त्यांनी व्यवस्थापक म्हणून गिरणी नावारूपाला आणली. देशात कुठे नव्हत्या तेव्हा रिंग चात्या इथे फिरल्या. कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये आणि अपघाताची भरपाई १८९५ मध्ये सुरू झाली, म्हणजे कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी. टाटांचं ताजमहाल हॉटेल आणि पोलाद कारखाना दोन्ही या गिरणीनंतरचे.

ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे आणि मॉलला नाव एम्प्रेसचंच. सरकत्या जिन्यावर उभ्या असलेल्या पोराला आपल्या आजोबांची पाळी याच जमिनीवर भरायची, हे कळावं असं काही तिथे दिसत नाही. कामगार हक्कांच्या इतिहासातली इतकी महत्त्वाची जागा अशी पुसली जावी, हे संतापजनक आहे.

आणि ही विस्मृती पूर्वेपुरतीच नाही. झिरो माइलचा दगड जपला जातो, ते योग्यच; महापालिकेच्या वारसा यादीत तो पहिल्या श्रेणीत आहे. सर्वेक्षण खात्याने रोवलेल्या त्या खांबावर हैदराबाद, जबलपूर अशा गावांची मैलांतली अंतरं कोरली आहेत. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्च्यात, चेंगराचेंगरीत गोवारी समाजातले ११४ जण मेले. बायका आणि लेकरं त्यात सर्वाधिक. पाहुण्यांची गाडी खांबापाशी थांबते, स्मारकापाशी क्वचितच.

महापालिकेकडे मागणं फार मोठं नाही. गिरणीच्या जागेवर दर्शनी भागात मराठीतून तिचा इतिहास लिहिलेला फलक लागावा आणि उरलीसुरली यंत्रं, हजेरीपट, छायाचित्रं जिथे असतील तिथून गोळा करून अजब बंगल्यात एक दालन त्यांना मिळावं. महालातल्या वाड्यांच्या मालकांना मालमत्ता करात सूट आणि लाकूडकामासाठी जाणकार सुतारांची मदत मिळावी. गिरणीत पाळ्या केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम शहरातली महाविद्यालयं याच वर्षी हाती घेऊ शकतात.