‘सिंहासन’चे प्रेक्षक आणि ओळख पटवण्याचे सुख

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन लाभलेला ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ साली आला. त्याविषयी प्रेक्षकांत सर्वाधिक रूढ झालेले मत दोन शब्दांत मावते : ‘असेच असते’. समीक्षेने या उद्गाराला ‘वास्तववादी राजकीय चित्रपट’ असे भारदस्त नाव दिले, एवढेच. माझा आक्षेप दोहोंना आहे. समीक्षेला अधिक, कारण प्रेक्षकाच्या उद्गाराची चिकित्सा करणे हे तिचे काम होते.

पुसदच्या प्रेक्षकाला ‘असेच असते’ म्हणण्याचा थोडा अधिक अधिकार आहे, हे मान्य. जवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ आणि सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. मुख्यमंत्रिपद ही येथे केवळ वृत्तपत्रात वाचायची गोष्ट नव्हती. पण म्हणूनच येथील चर्चा फार लवकर एका ठरलेल्या वळणावर येते : जिवाजीराव म्हणजे कोण? विश्वासराव दाभाडे कोणावर बेतले? डिकास्टा तर उघडच आहे! (अशा चर्चेत प्राध्यापकही हिरीरीने भाग घेतात.) या प्रत्येक ओळखीसरशी कलाकृती बोटभर लहान होते. दाभाडे म्हणजे अमुक एक गृहस्थ असे ठरले, की व्यवस्थेचा रोग त्या गृहस्थाचा होतो; आणि ते निवर्तले की रोगही इतिहासजमा होतो.

ऑर्वेलच्या १९४९ च्या कादंबरीवरून मायकेल रॅडफर्डने १९८४ साली केलेला चित्रपट पाहून आपला प्रेक्षक म्हणतो, ‘हे तिकडचे’. ‘सिंहासन’ पाहून म्हणतो, ‘हे अमक्याचे’. पळवाटा दोन, पोचतात एकाच ठिकाणी. ‘सिंहासन’ हा वस्तुतः डिस्टोपिया आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यात भविष्यकाळ नाही, ही हरकत वरवरची आहे. डिस्टोपियाचे लक्षण पंचांगात शोधायचे नसते. जेथे उभे राहून व्यवस्थेला जाब विचारता येईल अशी बाहेरची जागाच उरलेली नाही, असा बंदिस्त अवकाश हे त्याचे लक्षण होय.

हे ध्यानात येण्यासाठी याच लेखक-दिग्दर्शकांचा ‘सामना’ (१९७५) शेजारी ठेवून पाहावा. तेथे एक मोडका, मद्यपी मास्तर मारुती कांबळेविषयीचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि हिंदुराव पाटलाच्या साम्राज्याला त्या प्रश्नाने तडा जातो. चार वर्षांनी, मध्ये आणीबाणी होऊन गेल्यावर, प्रश्न विचारणे हाच ज्याचा व्यवसाय तो पत्रकार दिगू टिपणीस सगळे जाणतो आणि त्याच्या जाणण्याने काहीच हलत नाही. ‘सामना’तला हिंदुराव आणि हा दिगू, दोघेही निळू फुले! ज्याला खलनायक म्हणून ओळखण्याची प्रेक्षकाला सवय, त्यालाच येथे हतबल साक्षीदार केले आहे. या निवडीविषयी आपल्या समीक्षेने किती लिहिले?

मंत्रालयात चित्रीकरणाची परवानगी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी दिली, याचे कौतुक आजही होते. त्या उदारतेचे मोल मी नाकारीत नाही. परंतु आपल्याच दुःस्वप्नासाठी सत्ता आपलेच दालन उघडून देते, तेव्हा त्या दुःस्वप्नाची तिला कितपत भीती वाटत होती, हाही प्रश्न विचारावयास हवा.

चित्रपट या बाबतीत अगदी निर्दोष आहे असे नाही. ‘मुंबई दिनांक’ ही बातमीच्या माथ्यावरची शब्दावली. तिच्यात एका अवाढव्य शहराचा रोजचा, कोणाही एकाचा नसलेला व्यवहार सूचित होतो. पटकथेने दोन्ही कादंबऱ्या घेतल्या, नाव मात्र खुर्चीचे घेतले. नजर खुर्चीवर खिळली की तीवर बसलेला कोण, हे ओघानेच आले.

शेवटी मुख्यमंत्री टिकतो आणि दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. जिवाजीराव कोण, दाभाडे कोण यावर तासभर वाद घालणारे या हसण्यापाशी येऊन गप्प होतात, किंवा ‘निळूभाऊंनी कमाल केली’ म्हणून उठतात.